वाटीची गादी झिजली? आधी मांडीला बळ द्या



गुडघा दुखू लागला की वस्तीत लगेच निदान होते. कुणी म्हणते, "वंगण संपलं." कुणी म्हणते, "गादी घासली." मग मेडिकलवरून पट्टा येतो, कुणाच्या तरी सांगण्यावरून पावडर येते, आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गुडघ्यात सुई टोचली जाते. एवढे करूनही दुखणे राहिले की एमआरआय होतो. कागदावर "कॉन्ड्रोमलेशिया पटेली" असे लिहून आले, की घरात ऑपरेशनची भाषा सुरू होते आणि बचत गटातून किती कर्ज निघेल याचा हिशेब मांडला जातो.

या महिन्याचा आपला पाठ याच दुखण्याचा आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगते. वाटीमागची झिजलेली गादी कोणत्याही गोळीने किंवा पावडरीने परत भरून येत नाही. पण दुखणे मात्र कमी होऊ शकते, आणि बहुतेकांना त्यासाठी ऑपरेशन लागत नाही. गुडघ्यावरचा भार काही काळ कमी करणे आणि मांडीच्या व खुब्याच्या स्नायूंना बळ देणे, हा यावरचा पहिला आणि मुख्य उपचार आहे. त्याला पैसे लागत नाहीत, पण किमान तीन महिन्यांची चिकाटी लागते.

वाटी म्हणजे काय, गादी म्हणजे काय

गुडघ्याच्या पुढे जे गोल हाड हाताला लागते ती वाटी. डॉक्टर तिला पटेला म्हणतात. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूची दोरी या वाटीला धरून खाली नडगीपर्यंत जाते. पाय वाकवताना आणि सरळ करताना वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेतून वर-खाली सरकते, जशी विहिरीवरच्या चाकाच्या खाचेतून दोरी सरकते. दोरी खाचेतून नीट सरकली तर घासत नाही. एका बाजूला ओढली गेली तर काठावर घासते.

वाटीच्या मागच्या बाजूला गुळगुळीत, पांढरट, रबरासारखा थर असतो. यालाच आपण गादी म्हणतो. पुस्तकातला शब्द कूर्चा. शरीरातल्या सांध्यांमध्ये सर्वांत जाड कूर्चा याच ठिकाणी असते, कारण भारही तसाच पडतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. म्हणून हातावरची जखम भरते तशी ती भरून येत नाही. तिला अन्न मिळते ते सांध्यातल्या पातळ द्रवातून. स्पंज दाबला-सोडला की पाणी आत-बाहेर होते, तसे पाय हलवला की हा द्रव कूर्चेत आत-बाहेर होतो. म्हणून दुखणाऱ्या गुडघ्याला महिनाभर खाटेवर ठेवणे हा उपचार नाही. त्याने गादीही उपाशी राहते आणि मांडीही वाळते.

कूर्चेत दुखण्याच्या नसाही नसतात. दुखते ते तिच्याखालचे हाड आणि भोवतालचे मऊ भाग. यामुळेच एमआरआयचा कागद आणि दुखणे यांचा नेहमी मेळ बसत नाही. अहवालात ग्रेड एक ते चार असे लिहितात. पहिल्या ग्रेडमध्ये कूर्चा नुसती मऊ झालेली असते, पुढे तिला चिरा पडतात, आणि चौथ्यात खालचे हाड उघडे पडते. पण ग्रेड तीन असूनही कामावर जाणारी माणसे असतात आणि ग्रेड एक असूनही जिना न उतरता येणारी असतात. उपचार कागदाचा करायचा नसतो, माणसाचा करायचा असतो.

हे दुखणे ओळखायचे कसे

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीभोवती किंवा वाटीच्या मागे दुखते. बोट ठेवून नेमकी जागा दाखवता येत नाही, रुग्ण सगळा तळवा वाटीवर ठेवतो. जिना चढताना आणि विशेषतः उतरताना दुखते. उकिडवे बसताना, उठताना, बराच वेळ पाय दुमडून बसल्यावर दुखते. बसमध्ये, सभेत किंवा विहारात मांडी घालून तासभर बसल्यावर उठताना पहिली दहा पावले जड जातात.

गुडघ्यातून करकर, कटकट आवाज येतो म्हणून पुष्कळ जण घाबरतात. दुखत नसेल आणि सूज नसेल तर नुसत्या आवाजाला घाबरण्याचे कारण नाही.

कारण शोधा, नशिबाला बोल लावू नका

"मागल्या जन्माचे भोग" हे उत्तर आपण सोडून दिलेले आहे. तथागतांनी दुःख आहे हे सांगितले, त्याला कारण आहे हे सांगितले, ते थांबू शकते आणि त्याचा मार्ग आहे हेही सांगितले. गुडघ्याचा विचारही याच क्रमाने करू.

चालताना वाटीमागच्या गादीवर अंदाजे आपल्या वजनाच्या निम्मा भार पडतो. जिन्यावर तो वजनाच्या तिप्पट किंवा थोडा जास्त होतो. खोल उकिडवे बसताना सात पटीपर्यंत जातो. साठ किलो वजनाच्या बाईचा हिशेब केला तर चालताना ३० किलो, जिन्यावर १८० ते २०० किलो, आणि उकिडवे बसून फरशी पुसताना ४०० किलोच्या पुढे. आता आपल्या वस्तीतल्या बाईचा दिवस पाहा. पहाटे सार्वजनिक शौचालयात उकिडवे बसणे, पाण्याचे हंडे, चार घरची फरशी आणि भांडी, लिफ्ट बंद असलेल्या इमारतीचे मजले. सफाई कामगाराचा दिवसही वाकण्याचा, बसण्याचा आणि ओझे उचलण्याचाच. ज्या कामांनी गुडघे जातात ती कामे कुणाच्या वाट्याला आली, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

दुसरा वर्ग तरुणांचा आहे. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघाली की मुले पहाटे डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांनी एकदम रोज धावायला लागतात. तिसऱ्या आठवड्यात वाटी दुखायला लागते. त्यांनी धावणे आठवड्याला थोडे थोडे वाढवावे, मातीचे मैदान निवडावे, मध्ये एक दिवस सोडावा आणि त्या दिवशी खाली दिलेले व्यायाम करावेत.

याशिवाय वाटीवर जोरात पडणे, वाटी एकदा निखळलेली असणे, मांडीचे आणि खुब्याचे स्नायू अशक्त असणे, पोटऱ्या आखडलेल्या असणे, वजन जास्त असणे ही कारणे आहेत. खुब्याचा स्नायू अशक्त असला की चालताना गुडघा आतल्या बाजूला झुकतो आणि वाटी खाचेच्या काठावर घासते.

पहिला उपचार: भार कमी करा, हालचाल बंद करू नका

सहा ते आठ आठवडे उकिडवे बसणे, गुडघे टेकून काम करणे आणि उगाच जिने चढणे-उतरणे टाळा. सपाट रस्त्यावर झेपेल तेवढे चाला.

• फरशी पुसायला लांब दांड्याचा पोछा वापरा. मालकिणीकडे तो मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. ते कामाचे साधन आहे.
• भांडी आणि कपडे स्टुलावर बसून किंवा ओट्याशी उभे राहून धुवा.
• जिन्याचा नियम पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कठडा धरा.
• घरी संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. सार्वजनिक शौचालयात निदान एक बैठकीचे भांडे असावे, ही मागणी महिला मंडळाने वॉर्ड ऑफिसात लेखी द्यावी.
• वंदनेला खुर्चीवर बसा. पंचांग प्रणाम न करता हात जोडले तरी श्रद्धा कमी होत नाही. विहारात चार खुर्च्या कायम ठेवाव्यात, म्हणजे कुणाला मागायचा संकोच वाटणार नाही.

काम केल्यावर दुखत असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे ठेवा. आखडल्यासारखे वाटत असेल तर गरम शेक घ्या. सिकलसेलचा आजार असणाऱ्यांनी मात्र बर्फ लावू नये, थंडीने त्यांचे दुखणे उसळू शकते.

दुसरा उपचार: व्यायाम

हे व्यायाम दहा बाय दहाच्या खोलीत चटईवर होतात. पहिले चार रोज करा.

१. मांडी आवळणे. पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. मांडी आवळून गुंडाळी खाली दाबा. पाच अंक मोजा, सोडा. दहा वेळा.

२. सरळ पाय उचलणे. पाठीवर झोपा. एक पाय दुमडा. दुसरा पाय गुडघ्यात ताठ ठेवून फूटभर उचला, पाच अंक मोजा, सावकाश खाली आणा. दहा वेळा, मग दुसरा पाय.

३. कुशीवर पाय उचलणे. कुशीवर झोपा. वरचा पाय ताठ ठेवून, किंचित मागे नेत वर उचला. दहा वेळा, मग कूस बदला. हा खुब्याचा व्यायाम आहे. लोक तो सोडून देतात, पण वाटीच्या दुखण्यात तो मांडीच्या व्यायामाइतकाच गरजेचा आहे.

४. पूल. पाठीवर झोपून दोन्ही गुडघे दुमडा. कंबर वर उचला, पाच अंक मोजा, खाली आणा. दहा वेळा.

५. पोटरी ताणणे. भिंतीला हात टेका. एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली. पुढे झुका. तीस अंक मोजा. दोन्ही पाय, तीन वेळा.

तीन-चार आठवड्यांनी दुखणे थोडे उतरले की हे दोन सुरू करा.

६. खुर्चीवरून उठणे. उंच खुर्ची घ्या. हात न टेकता सावकाश उठा, त्याहून सावकाश बसा. गुडघे आत झुकू देऊ नका. दहा वेळा.

७. बुटक्या पायरीवर एक पाय ठेवून चढा आणि सावकाश उतरा. प्रत्येक पाय दहा वेळा.

सोपे वाटू लागले की दहाच्या दोन फेऱ्या करा, मग तीन. नुसते तेवढेच करत राहिले तर स्नायू वाढत नाही, हळूहळू वाढवले तरच वाढतो.

दुखण्याची मोजपट्टी लक्षात ठेवा. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. व्यायाम करताना दुखणे तीनपर्यंत गेले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शांत झाले तर चालू ठेवा. त्यापुढे गेले किंवा सूज आली तर व्यायाम निम्मा करा, बंद करू नका. सहा आठवड्यांत फरक जाणवू लागतो, बारा आठवड्यांत चांगला दिसतो. लोक दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडतात. दुखणे वर्षभर अंगावर काढलेले असते, त्याला दहा दिवस पुरत नाहीत.

वजन जास्त असेल तर थोडे उतरवले तरी फायदा होतो. गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांवरच्या अभ्यासात एक किलो वजन उतरल्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी झालेला दिसला. पण वजन उतरवायचे म्हणून उपाशी राहू नका. "वातूळ" म्हणून हरभऱ्याची डाळ, बटाटा, वांगे बंद करण्यानेही गादी वाचत नाही. स्नायूला डाळ, अंडी, मासे, मटण, शेंगदाणे यांतली प्रथिने लागतात. साखर, तळलेले आणि बाटलीतली पेये कमी करा.

गोळ्या, पट्टा, इंजेक्शन, पावडर

डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या दुखणे दाबतात, गादी भरत नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने चार-आठ दिवस, जेवणानंतर घ्यायला हरकत नाही. महिनोन्महिने घेतल्या तर पोटात अल्सर होतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंड खराब होते. रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, पूर्वीचा अल्सर असणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी त्या स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नयेत. वरून लावायचे डायक्लोफिनॅकचे मलम त्या मानाने कमी धोक्याचे.

पट्ट्याने किंवा वाटीला लावायच्या चिकटपट्टीने काही आठवडे आराम वाटतो आणि व्यायाम करणे सोपे जाते. तेवढाच त्याचा उपयोग. दिवसभर वर्षानुवर्षे बांधून ठेवू नका.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरे वाटते, म्हणून लोक पुन्हा पुन्हा घेतात. गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांवरच्या एका चाचणीत दर तीन महिन्यांनी दोन वर्षे हे इंजेक्शन दिले गेले. मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन दिलेल्या रुग्णांपेक्षा त्यांची कूर्चा जास्त झिजली आणि दुखण्यात दोन्ही गटांत फरक राहिला नाही. मधुमेह असेल तर या इंजेक्शनने काही दिवस साखरही चढते. तरुण माणसाच्या वाटीच्या दुखण्यावर हा उपाय नव्हे.

ग्लुकोसामीनच्या गोळ्यांनी गादी परत येते असे सिद्ध झालेले नाही. "जेल" किंवा स्वतःच्या रक्तापासून बनवलेले पीआरपीचे इंजेक्शन महाग असते आणि त्याच्या फायद्याची खात्री देता येत नाही. कर्ज काढून तर मुळीच घेऊ नका. नाव-गाव नसलेल्या पुडीतल्या औषधाने दोन दिवसांत दुखणे पळाले तर खूश होऊ नका, सावध व्हा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले सापडते. तोंड सुजणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे हे त्याचे परिणाम. कोण सांगते यावर विसंबू नका, पडताळून मगच स्वीकारा, हा कालामांना केलेला उपदेश औषधाच्या दुकानातही उपयोगी पडतो.

ऑपरेशन कधी

दुर्बिणीने गुडघा धुऊन वाटीची गादी घासून गुळगुळीत करण्याचे ऑपरेशन पुष्कळदा सुचवले जाते. फिनलंडमध्ये वाटीच्या जुन्या दुखण्याच्या ५६ रुग्णांवर चाचणी झाली आणि २००७ साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना दुर्बिणीचे ऑपरेशन आणि व्यायाम, निम्म्यांना फक्त व्यायाम. नऊ महिन्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारलेले होते. ऑपरेशनने वेगळे काही मिळाले नाही.

काही वेळा ऑपरेशन खरोखर लागते. वाटी पुन्हा पुन्हा निखळत असेल, कूर्चेचा तुकडा सुटून सांध्यात अडकत असेल, किंवा तरुण माणसाच्या गादीला एकाच जागी मोठा खड्डा पडला असेल आणि नीट केलेल्या व्यायामानेही गुण नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांशी जरूर बोला. तीन प्रश्न विचारा: माझ्या बाबतीत नेमके काय बिघडले आहे? ऑपरेशन नाही केले तर काय होईल? किती दिवस कामावर जाता येणार नाही? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा तुमचा हक्क आहे.

इथे थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा

• गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि ताप. सांध्यात पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालयात जा.
• पडल्यानंतर पाय टेकता येत नाही किंवा सरळ करता येत नाही.
• गुडघा मध्येच अडकतो किंवा एकदम लचकून पडायला होते.
• आठवडेच्या आठवडे सूज, संध्याकाळी ताप, वजन घटणे. टीबी सांध्यालाही होतो.
• रात्रीची झोपमोड करणारे, विश्रांतीतही न थांबणारे दुखणे.
• लहान मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल. दोष खुब्यात असू शकतो.

विदर्भातल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. तिथल्या आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. हाडे आणि सांधे वारंवार ठणकणे हे त्याचे लक्षण आहे. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवते. तरुण मुलाचा-मुलीचा गुडघा दुखत असेल आणि सिकलसेलची तपासणी झालेली नसेल, तर आधी ती करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताच्या थेंबावर ही चाचणी होते.

कुठे जायचे

जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हाडांच्या ओपीडीचा केसपेपर काढा आणि "मला फिजिओथेरपीला पाठवा" असे स्वतःहून सांगा. मुंबईत केईएम, सायन, नायर इथे फिजिओथेरपीचे विभाग आहेत, आणि हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. रोज जाणे परवडत नसेल तर एकदा जाऊन व्यायाम नीट शिकून घ्या आणि महिन्याने दाखवायला जा.

पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर ईएसआय दवाखान्यात तुमचा आणि कुटुंबाचा हक्क आहे. वर्गणीचे दिवस भरलेले असतील तर आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा कामगारांच्या आरोग्य विम्याची तयारी झाली आणि १९४८ साली कायदा झाला. कंत्राटी सफाई कामगारांनी आपली कपात खरोखर भरली जाते का, कार्ड निघाले आहे का, हे ठेकेदाराला विचारावे. एकट्याने विचारायची भीती वाटत असेल तर पाच-दहा जणांनी मिळून विचारावे.

शेवटी एक काम सांगते. रविवारच्या वंदनेनंतर विहारातच अर्धा तास काढा. चटया अंथरलेल्याच असतात. एकीने मोजायचे, बाकीच्यांनी पाय उचलायचे. घरी एकटीने केलेला व्यायाम आठवड्यात सुटतो, चौघींनी मिळून केलेला टिकतो. प्रत्येकीने आज किती पायऱ्या न दुखता उतरता येतात ते वहीत लिहून ठेवावे आणि बारा आठवड्यांनी पुन्हा लिहावे. फरक पडला की नाही, हे त्या वहीत दिसेल.

नमो बुद्धाय! जय भीम!